अकरा सेकंद

बिब नंबर चोवीसशे सतरा.
चार सेफ्टी पिना, त्यातली एक वाकडी,
फुमिएनं रात्री दिव्याखाली सरळ करून दिलेली.

सलूनच्या दारावर पाटी लावली : आज बंद.
कारण लिहिलं नाही.
तरी बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं,
छप्पन्न वर्षांचा न्हावी
बेचाळीस किलोमीटर पळायला निघालाय ते.

पाय माझे दिवसभर उभं राहणाऱ्याचे.
उभं राहणं वेगळं आणि पळणं वेगळं,
हे त्यांनी मला अठराव्या किलोमीटरला सांगितलं.
तोवर मजेत होतो.
पुढे तीन हजार माना,
आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं :
ही कुणीतरी घाईत साफ केलेली,
ह्या कानामागे वस्तरा चुकलेला,
हा भोवरा डावीकडचा, हट्टी,
पाणी लावूनच कापायला हवा.
एकेक मान पुढे गेली.
मग माना संपल्या.
उरला समुद्र, उजव्या हाताला,
आणि वारा, समोरून.

जाळं सांधत बसलेला एक म्हातारा
वर न बघता म्हणाला, चालू द्या.

तिसाव्या किलोमीटरचं गेट
एक बेचाळीसला बंद होतं.
दोरी धरायला कुरामोची.
पोस्टातून निवृत्त. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
नऊला माझ्या खुर्चीत,
नऊ म्हणजे नऊ,
एकोणीस वर्षं.

मला तो दिसला, त्याला मी.
मी पळत होतो असं म्हणता येणार नाही,
पण चालत नव्हतो, एवढं लिहून घ्या.
त्याच्या एका हातात घड्याळ, एका हातात दोरी,
चेहरा, मी कानाशी वस्तरा नेल्यावर होतो तसा,
श्वास धरलेला.
दोरी आडवी झाली. मी वीस पावलांवर.

ती वीस पावलं तरीही पळलो,
दोरीला पोटानं शिवलो.
कुरामोची कमरेत वाकला. मीही.
तो सरळ झाला. मी वाकलेलाच राहिलो,
पोटरीत गोळा आला होता.
एका पोरानं गुडघे टेकून
माझ्या नाडीतली चिप सोडवून घेतली,
लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी
तशी, हळूच.

बसमध्ये आम्ही चौदा जण.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
इसोनो नावाची नर्स, रात्रपाळी करून तशीच आलेली,
पिशवीतून संत्री काढून मागे पाठवत राहिली.
सालींचा वास, ओल्या मोज्यांचा वास, इंजिन.

मग बस किनाऱ्याच्या रस्त्याला वळली
आणि ते दिसले, अजून पळणारे,
गेटमधून जेमतेम निसटलेले शेवटचे.
पहिली खिडकी कुणी उघडली कोण जाणे.
आम्ही ओरडत सुटलो,
नावं माहीत नाहीत म्हणून नंबर वाचून :
नऊशे तीन! खांदे सोड, नऊशे तीन!
त्यानं वर पाहिलं
आणि खरंच खांदे सोडले.

दुसरा मंगळवार. नऊ.
मी कुरामोचीच्या गळ्याभोवती कापड बांधलं,
नेहमीपेक्षा अर्धं बोट घट्ट.
बराच वेळ नुसती कात्री.
मग आरशातून तो म्हणाला,
"अकरा सेकंद."
"माहीत आहे."
"तुमच्यामागे एक बाई होती. चौदा.
तिच्यामागे एक मुलगा. वीस."

मी दोन बोटांनी त्याचं डोकं खाली केलं.
मानेवरची रेघ आखायची होती,
तिथे सरळ म्हणजे सरळ.

पुढच्या वर्षीचा फॉर्म
आरशाच्या कडेला खोचलेला होता.
त्यानं तो वाचला, बोलला काही नाही.
पैसे मोजून ठेवले, टोपी घातली,
आणि दारातून मागे वळून :
"तुमचं भिंतीवरचं घड्याळ
दोन मिनिटं पुढे आहे."

म्हटलं, असू दे.